गड्डम सरांचा भेक

फोन मौलालीचाचांचा होता. उन्हाळ्याची सुट्टी होती आणि मी वळसंगला आईकडे, ओसरीत बियाण्याच्या शेंगा फोडत बसले होते. मौलालीचाचा आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातले परिचर. मी विद्यार्थिनी होते तेव्हापासून विभागातल्या बरण्या हाच माणूस पुसत आला आहे. "मॅडम, गड्डम सर गेले. पहाटं. झोपेतच," ते म्हणाले. मी "बरं" म्हणाले, किती वाजता नेणार ते विचारलं आणि सुपातल्या उरलेल्या शेंगा संपवायला घेतल्या. कोण गेलं म्हणून आईनं विचारलं. म्हटलं, "माझा भेक ज्यानं चोरला, तो." आईनं हातातली शेंग सुपात टाकली. "गेल्या मानसाला आसं बोलू न्हाय, मादू," म्हणाली. खोटं कशाला लिहू... मला त्या वेळी वाईट वाटलं नव्हतं. उलट थोडं बरं वाटलं होतं.

सोलापूरच्या पूर्वभागातल्या त्यांच्या घरी पोचले तेव्हा माणसं स्मशानातून परतली होती आणि दारात पाण्याची बादली ठेवलेली होती. मी बाकीच्या प्राध्यापकांच्या मागे उभी राहिले, घड्याळ बघून दहा मिनिटं, आणि निघाले. पुढे काही आठवड्यांनी या पुरवणीसाठी सरांवर लिहाल का, अशी विचारणा झाली. मी त्यांची विद्यार्थिनी, नंतर सहकारी, आता त्यांच्याच खुर्चीवर बसलेली विभागप्रमुख. माझ्याशिवाय कोण लिहिणार? एका बैठकीत लेख झाला. सरांचे गुण दोन परिच्छेदांत आणि चोरी चार परिच्छेदांत. भाषा इतकी सभ्य, की नात्यातल्या माणसांनाही बोट ठेवता आलं नसतं. तो लेख तुम्ही वाचत नाही आहात. तो मी फाडला. का, ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

राजेशम गड्डम विणकराच्या घरातले. घरात चार यंत्रमाग, आणि मागांच्या मधल्या बोळात जेवण, झोप, अभ्यास सगळं. चादरींच्या त्या खडखडाटात वाढलेला हा माणूस घराण्यातला पहिला एम.एस्सी. झाला आणि मग आयुष्यभर इतरांना पास व्हायला त्रास देत राहिला. हे मी रागाने म्हणत नाही, कुणालाही विचारा. तेव्हा प्रात्यक्षिकात बेडूक कापला जायचा. जो उशिरा येईल त्याच्या तळहातावर सर बेडकाचं धडधडतं हृदय ठेवायचे आणि म्हणायचे, थांबेपर्यंत उभा राहा. ते लवकर थांबत नाही. माझं जर्नल त्यांनी एकदा सगळ्या वर्गादेखत खिडकीबाहेर फेकलं, शेण थापायच्या हातानं आकृत्या काढल्यात म्हणून. ते खालच्या नळाच्या चिखलात पडलं आणि मी ते उचलून आणेपर्यंत वर्ग हसत होता. उत्तर देताना आवाज जरा खाली गेला, की त्यांचा एकच शब्द यायचा... "जोरात." परत सांगितलं तरी "जोरात." मुली रडकुंडीला यायच्या. आम्हाला वाटायचं, छळण्याची ही त्यांची रीत आहे.

पहिल्या दिवशी हजेरी घेताना त्यांनी माझं गाव विचारलं. मी म्हणाले, वळसंग. तिथून पाच वर्षं मी वळसंगच झाले. वळसंग, फळा पूस. वळसंगला कानडीत विचारा, मराठी कळत नाही तिला. माझ्या बोलण्यात घरची कानडी डोकावायची, त्यामुळे ते वाक्य हमखास चालायचं. पाच वर्षांत या माणसाच्या तोंडून माझं नाव एकदाही आलं नाही. त्यांना ते माहीत नसावं असंच मी धरून चालले होते, आणि ते मला किती लागलं होतं हे आता, पन्नाशी जवळ आल्यावर, कबूल करायला हरकत नाही.

त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट मात्र मी विसरले नाही. निदान तसं समजत होते. फॉर्मॅलिनमध्ये प्राणी ठेवतात त्या प्रत्येक बरणीला दोन चिठ्ठ्या असतात. एक बाहेर काचेवर डकवलेली, तिच्यावर प्राण्याचं नाव, ठिकाण आणि ज्याच्या नावानं परवाना असेल त्याचं नाव. ती पाहुण्यांसाठी, उन्हानं विटते, झुरळं खातात, पुसता पुसता निघून येते. दुसरी चिठ्ठी आत, प्राण्याबरोबर, त्याच पाण्यात. ती शिसपेन्सिलीनं लिहायची, कारण शाई विरघळते आणि शिसं राहतं. प्राणी कुणी, कुठे, कसा आणला ते तिच्यावर. बाहेरची निघाली तर प्राणी उरतो, आतली नसेल तर नुसतं मांस उरतं, असं सर म्हणायचे. हेच मी गेली वीसेक वर्षं दर जुलैत पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगत आले आहे, त्यांच्याच शब्दांत आणि त्यांचं नाव न घेता.

आता भेकाबद्दल. भेक म्हणजे बेडकाचा खडबडीत, चामखिळीवाला भाऊ. आपल्याकडे तो दगडाखाली किंवा न्हाणीच्या मोरीत दिसतो आणि बाया त्याला खराट्यानं हाकलतात. पण सह्याद्रीच्या भर पावसाच्या रानात त्याची एक जात झाडावर राहते. अंगठ्याएवढा जीव, बोटांच्या टोकाला चपट्या गाद्या, डोळ्याखालून कुशीपर्यंत गेलेला पांढरा पट्टा. झाडाच्या ढोलीत साचलेल्या पाण्यापाशी दडून बसतो आणि पावसात "शिर्र... शिर्र..." असा बारीक ओरडतो. जिथं मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं त्या सोलापूरचा हा माणूस त्या भेकामागे पंधरा वर्षं होता. दर पावसाळ्यात रजा काढून, पदरचं भाडं भरून, चार विद्यार्थी आणि सामान सांभाळायला मौलालीचाचा असा लवाजमा घेऊन ते घाटमाथ्यावरच्या वनखात्याच्या विश्रामगृहात जायचे आणि कडक भाकरी, शेंगाचटणी संपली की हात हलवत परत यायचे. स्टाफरूममध्ये त्याच्यावर विनोद होते. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी माझा नंबर लागला. दादा, म्हणजे माझे वडील, मला गाडीत बसवायला आले होते. "बेडकासाटी इतक्या लांब? आपल्या हिरीत काय कमी हायत व्हय?" एवढंच म्हणाले आणि शेंगांची पिशवी खिडकीतून आत दिली.

तिसऱ्या दिवशीची दुपार, ढगांनी अंधारून आलेली. बाकीची मुलं जळवांना कंटाळून विश्रामगृहात बसली होती. सर दुर्बीण लावून शेंडे बघत चालले होते, मागे मी, माझ्यामागे पेटी घेऊन चाचा. आणि मला ते ऐकू आलं. पाच पावलांवरच्या झाडातून, माझ्या डोक्याच्या उंचीवरून, स्पष्ट. मी म्हणाले, सर, ओरडतोय. त्यांनी विचारलं, "कुठं?" तो ओरडतच होता. सरांनी मान एकीकडे केली, मग दुसरीकडे, मग कानामागे हात धरला आणि समजल्यासारखा चेहरा करून भलत्याच दिशेला बघू लागले. तेव्हा मला कळलं. मागांच्या खडखडाटात वाढलेल्या त्या कानांपर्यंत बारीक आवाज पोचतच नव्हता. बोलणं कसंबसं पोचायचं, म्हणून तर "जोरात". पंधरा वर्षं हा माणूस त्या भेकाच्या खालून ये-जा करत असेल, आणि तो वर बसून ओरडत असेल. मी मागे वळून चाचांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. त्यांना ठाऊक होतं.

मी ढोलीत हात घातला. साप असेल, असं सर म्हणेपर्यंत कोपरापर्यंत गेलाही होता. वळसंगला लिंबाच्या ढोलीतून पोपटाची पिल्लं काढलेला हात तो, त्याला कसली भीती. हात बाहेर आला तेव्हा तळहातावर भेक होता. सरांनी चष्मा काढला, अगदी जवळ आले आणि माझ्या तळहाताखाली आपला तळहात धरला, पडलाच तर झेलायला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग म्हणाले, "बघितला. आता ठेव जागेवर."

हे पुढचं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगताना नेहमी इथून थेट बरणीपाशी यायचे. मी म्हणाले, सर, परवाना आहे ना एका नमुन्याचा? त्यांनी आहे म्हटलं, आणि पुन्हा ठेव म्हटलं. मी ठेवला नाही. "मग कोण मानंल, सर? वळसंगची पोरगी म्हणतीया म्हणून कोण मानंल?" सर माझ्याकडे वळले. "तुला नाव पाहिजे," ते म्हणाले. मी व्हय म्हणाले. पंधरा वर्षं त्यांना नुसता बघायचा होता, आणि मला पंधरा मिनिटांत नाव हवं होतं. "मग मारायचं पण तूच," म्हणाले, आणि चष्मा लावून पुढे चालू लागले.

विश्रामगृहात त्यांनी क्लोरोफॉर्मची बाटली आणि कापूस टेबलावर ठेवला आणि पडवीत जाऊन बसले. चाचा स्टोव्हपाशी माझ्याकडे पाठ करून. भेकाच्या बरणीत कापूस टाकल्यावर तो एकदा ओरडला, बारीक. मी ऐकलं, चाचांनी ऐकलं. पडवीतल्या सरांना ते ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी आयुष्यात तो आवाज कधी ऐकला नाही आणि त्या दिवशी ऐकला नाही ते चांगलंच झालं. परतीच्या प्रवासात ते कुणाशी बोलले नाहीत. पुन्हा कधी घाटावर गेलेही नाहीत; पुढच्या पावसाळ्यात रजेचा अर्ज आला नाही म्हणून स्टाफरूममधले विनोद बंद पडले.

पंधरा दिवसांनी बरणी संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात आली. बाहेरच्या चिठ्ठीवर भेकाचं नाव, घाटाचं नाव आणि खाली "परवाना : प्रा. रा. गड्डम". माझं नाव नाही. मी कपाटासमोर उभी राहून तेवढं वाचलं आणि मला सगळं समजलं, असं मला वाटलं. विचारायला गेले नाही. कशाला जायचं? वळसंग म्हणून हाक मारतील, आणखी एक विनोद होईल. ती बरणी हातात घेऊन बघण्याचं धाडस तर मला कधीच झालं नाही. कारण तुम्हाला आता माहीत आहे, मला ते तेव्हाही माहीत होतं. त्याऐवजी मी राग धरला. राग हातात धरायला सोपा असतो. पुढे मी त्याच विभागात नोकरीला लागले, सरांच्या शेजारच्या टेबलावर, आणि आलेल्यागेलेल्या प्रत्येकाला हळूच सांगत राहिले, की हा भेक कुणी शोधला माहीत आहे का? लोकांना अशी गोष्ट आवडते. दोन-तीन वर्षांत सगळ्या कॉलेजला माहीत झालं, की गड्डमनं विद्यार्थिनीचा शोध चोरला.

सरांच्या निरोप समारंभात माझं भाषण ठेवलं होतं. मी तयारी केली होती. सगळे गुण गाऊन झाल्यावर म्हणाले, सरांकडून एक मोठी गोष्ट शिकले. ज्यांना तो भेक ओरडलेला ऐकूही आला नाही, त्यांच्या नावावर तो कपाटात बसला आहे. सभागृह हसलं. सरांना कमी ऐकू येतं, हे नोकरीच्या अखेरच्या दिवशी, हारतुऱ्यांसमोर, त्यांच्या बायकोसमोर मी चव्हाट्यावर आणलं. ते हात मांडीवर ठेवून ऐकत होते. एवढं मात्र त्यांना ऐकू आलं. उत्तराला उठले तेव्हा सगळ्यांचे आभार मानले आणि शेवटी म्हणाले, "वळसंगनं चिठ्ठी वाचलेली दिसते. अर्धी." पुन्हा हशा झाला, या वेळी माझ्यावर. खवचट म्हातारा, असं मनात म्हणत मी त्यांच्या खांद्यावर घालायची चादर पुढे सरकवली.

विभागप्रमुख झाल्यावर संग्रहालयात बाहेरच्या माणसानं लेखी परवानगीशिवाय जायचं नाही, असा नियम मी काढला. बाहेरचा माणूस एकच येत होता. दर पावसाळ्याच्या तोंडाला सर यायचे, एकदा भेक बघायचा आहे म्हणायचे. मी अर्ज द्यायला सांगितलं. त्यांनी दिला, वळणदार अक्षरात, माझ्याच हाताखालच्या कारकुनाकडे. मी तो "विचाराधीन" म्हणून फाइलला लावला. दुसऱ्या वर्षी दुसरा. तिसऱ्या अर्जात, सुट्टीच्या दिवशी बोलावलं तरी चालेल, असं एक वाक्य जास्त होतं. तोही विचाराधीन. सर खाली लिंबाखालच्या बाकावर बसायचे, चाचा त्यांना चहा नेऊन द्यायचे, दोघं जरा वेळ बोलायचे आणि सर रिक्षानं परत जायचे. मी वरच्या खिडकीतून बघायचे. वाटायचं, बसा. त्यांच्याच वर्गात उभं राहायला शिकले होते मी, हृदय थांबेपर्यंत. शेवटची भेट तिथलीच, गेल्या जुलैतली. मी जिन्यावरून उतरत होते. त्यांनी विचारलं, "उन्हाळ्यात पाणी उतरतं बरणीतलं, भरता ना?" मी म्हणाले, विभाग बघून घेतो, सर. आणि पुढे गेले.

तर तो पहिला लेख. तो लिहून झाल्यावर वाटलं, बरोबर फोटो द्यावा. बरणीचा, बाहेरच्या चिठ्ठीसकट. पुरावा. मौलालीचाचांना बरणी काढायला सांगितली. त्यांनी ती खिडकीपाशी आणली, फडक्यानं पुसली आणि पुसताना आडवी केली. भेक जरा सरकला आणि त्याच्या पोटाला चिकटलेला, पिवळा पडलेला जाड कागद काचेकडे आला. पेन्सिलीची अक्षरं. वर्गाच्या फळ्यावर पाच वर्षं बघितलेली.

"ढोलीतून, हाताने. दुपारी, पावसात. आणणारी : महादेवी सिद्राम बिराजदार." आणि खालच्या ओळीत, "मारणारी : तीच."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. माझं नाव, दादांचं नाव, आडनाव, एकाही काना-मात्रेची चूक नाही. त्यांना ते पहिल्यापासून माहीत होतं. मी चाचांना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? "म्हंजे काय, माज्यासमोरच टाकलीया की सरांनी," ते म्हणाले. मग मला सांगितलं का नाही, असं मी ओरडले. चाचा फडकं घडी करत राहिले. "सर म्हनले, सांगायचं न्हाय. ती वाचंल तवा वाचंल." मग माझ्याकडे न बघता पुढे बोलले. "दरसाल बाकावर बसून तेवडंच इचारायचे. कागद हलला का, चाचा? मी म्हनायचो, न्हाय, सर."

मी घरी येऊन लेख फाडला. आणि तरीही सांगते, माझा राग अजून पुरता गेलेला नाही. दोन शब्दांत मिटलं असतं. जिन्यावर म्हणता आलं असतं, समारंभात म्हणता आलं असतं. अर्धी म्हणाले तसं उरलेली वाच म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? पण हा मास्तर पेपर फुटू देणारा नव्हता. चोर म्हणवून घेतलं, बाकावर बसला, अर्ज लिहिले, आणि प्राणिशास्त्राची बाई बरणीची आतली चिठ्ठी कधी वाचते याची वाट बघत मेला. मी वीस वर्षं मुलांना जे शिकवलं ते एकदा, एका बरणीच्या बाबतीत करायचं होतं. मी नापास झाले आणि ते सांगायला आता कुणी नाही. त्यांच्या बायकोला भेटायला गेले होते. त्यांनी चहा दिला. समारंभातलं माझं भाषण त्यांना शब्दन्‌शब्द पाठ होतं आणि त्यांनी ते मला, काही न वगळता, म्हणून दाखवलं. मी ऐकून घेतलं.

गेल्या आठवड्यात पहिल्या वर्षाचं प्रात्यक्षिक सुरू झालं. मी नेहमीसारखं दोन चिठ्ठ्यांचं सांगितलं, या वेळी ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव घेऊन. माढ्याची एक लहानखुरी मुलगी भेकाच्या बरणीपाशी उभी होती. "मॅडम, हेच्यात बी हाय का आतली?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले आणि बरणी तिच्या हातात दिली. चाचांनी ती कशी आडवी करायची ते दाखवलं. तिनं पहिली ओळ वाचली. माझं नाव आल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या, कौतुकानं, मागची मुलं मान उंच करून बघू लागली. मुलगी हसत होती. मग तिची नजर खाली गेली. खाली अजून एक ओळ हाय, मॅडम, असं काहीतरी ती पुटपुटली. मी म्हटलं, मग वाच. तिनं माझ्याकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं, आणि अगदी ओठातल्या ओठात वाचलं. टाळ्या वाजवणाऱ्या मुलांना काहीच कळलं नाही.

"जोरात," मी म्हणाले.